आधी विचारायचं कुणाला? सरकारी वर्तणूक नियमांच्या वकिलीबद्दल, नाशिकहून

अ‍ॅड_गोदाकाठ

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की ‘सर्व्हिस मॅटर’वाले, म्हणजे सरकारी नोकरीतले वाद चालवणारे, वकील नेमकं करतात काय. उत्तर एका प्रतिसादात मावणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझी बरीचशी वकिली याच कामात गेली. सुरुवात एका सरकारी कार्यालयात विधी अधिकारी म्हणून झाली. पूर्णवेळ पगारी नोकरी असली की वकिली करता येत नाही, म्हणून तेव्हा सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवली होती. दोषारोपपत्रांचे मसुदे तपासायचे, न्यायाधिकरणात दाखल करायच्या शपथपत्रांची टिपणं काढायची, अभियोग मंजुरीच्या (खटला भरायच्या परवानगीच्या) फायलींवर अभिप्राय द्यायचा, असं ते काम. नंतर नोकरी सोडली, सनद पुन्हा सुरू केली आणि इथल्या जिल्हा न्यायालयात बसू लागले. तेव्हापासून मी बहुतेक वेळा चौकशी लागलेल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने असते. खात्यात असताना ज्या प्रकरणाला हात लागला होता, त्यातला माणूस आज पक्षकार म्हणून आला तर परत पाठवते. बार कौन्सिलचा नियम तसाच आहे आणि तो योग्यच आहे.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे लाचेचे सापळे. ते असतात, पण रोजचं काम त्याहून वेगळं असतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि त्याच वर्षीचे (शिस्त व अपील) नियम, या दोन पुस्तिकांवर हे सगळं उभं आहे. पहिली सांगते कसं वागायचं: सचोटी, भेटवस्तू, खासगी धंदा, मालमत्तेचे व्यवहार, नातेवाइकांचे हितसंबंध. दुसरी सांगते की तसं वागला नाहीत तर पुढे काय होईल.

माणूस येतो तो रजिस्टर्ड पाकीट घेऊनच. आत असतं ज्ञापन, म्हणजे आरोप कळवणारं खात्याचं पत्र, आणि त्याला चार जोडपत्रं. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्यांचं विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. सगळे पहिलं जोडपत्र वाचून घाबरतात. मी आधी तिसरं आणि चौथं वाचते. दोषारोप पाच असतात आणि साक्षीदार एकच, तोही ज्याने प्राथमिक चौकशी केली तोच अधिकारी! ज्यांचे जबाब घेतले त्यांची नावं यादीत नसतात. जोडलेला पंचनामा झेरॉक्सची झेरॉक्स असतो, सह्यांच्या जागी काळा डाग. खात्याने कागद नुसता फायलीला लावून भागत नाही, तो कुणीतरी समोर येऊन शाबीत करावा लागतो. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००९) हा निकाल त्यासाठी पाठ असावा लागतो. दुसरा सरोजकुमार सिन्हा (२०१०): चौकशी अधिकारी हा खात्याचा माणूस नव्हे, दोन्ही बाजू ऐकून ठरवणारा आहे.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे चौकशीच्या खोलीत वकिलाला सहसा प्रवेशच नसतो. अपचारी (म्हणजे चौकशी लागलेला) कर्मचारी बचावासाठी दुसरा सरकारी कर्मचारी सोबत घेऊ शकतो. वकील मिळतो तो खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी वकील असेल तर, नाहीतर शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने परवानगी दिली तर. त्यामुळे नाशिकरोडला विभागीय आयुक्त कार्यालयाच्या आवारात पक्षकार आत आणि मी बाहेर बाकावर, असे किती दिवस गेले! उलटतपासणीचे प्रश्न आदल्या रात्री लिहून द्यायचे. दुपारी तो बाहेर आला की विचारायचं, चौथ्या प्रश्नाला साक्षीदार काय म्हणाला. मग पाचवा बदलून द्यायचा.

आता मुद्द्यावर येते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एका शाखा अभियंत्याने पत्नीसह मखमलाबादकडे प्लॉट घेतला. चेकने पैसे, बँकेचं कर्ज, बाजारभावाने रीतसर खरेदीखत. विकणाऱ्याचं एक बिल याच अभियंत्याच्या टेबलावरून वर्षभरापूर्वी गेलं होतं. ज्याच्याशी आपला कार्यालयीन संबंध येतो त्याच्याशी मालमत्तेचा व्यवहार करायचा तर आधी मंजुरी लागते, नुसतं नंतर कळवून चालत नाही. आणि या माणसाने विचारलं होतं! आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद पाहणाऱ्या शाखेत, तोंडी विचारलं. उत्तर मिळालं, “कर्ज काढून घेताय ना, मग कशाला कळवता? उगाच डोळ्यावर याल.” चार वर्षांनी निनावी अर्ज आला आणि दोषारोपपत्र निघालं. शेवटी शिक्षा किरकोळ झाली, एक वेतनवाढ रोखली. पण चौकशी चालली तेवढा काळ त्याच्या पदोन्नतीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात राहिला. मागून आलेले दोघं त्याचे साहेब झाले. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत समोरच्यांनी विचारलं, “तुमची काही चौकशी चालू आहे म्हणे?”

या माणसाला लिहून उत्तर देणारं कुणी असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. एका पानाचं उत्तर: मंजुरी घ्या, हा अर्जाचा नमुना, तोवर इसार देऊ नका. बस.

अमेरिकेत वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७८ मध्ये ‘एथिक्स इन गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट’ झाला, त्यातून ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट एथिक्स हे कार्यालय उभं राहिलं. तिथे प्रत्येक केंद्रीय खात्यात एक नेमलेला नैतिकता अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली याच विषयाचे वकील. त्यांचं मुख्य काम खटले चालवणं नाही. कर्मचाऱ्याने “हे करू का?” विचारलं की नियम वाचून उत्तर देणं. आणि कर्मचाऱ्याने सगळी हकीकत खरी सांगून त्या सल्ल्यावर विश्वासाने पाऊल टाकलं, तर त्या आचारनियमांखाली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. नियमातच लिहिलं आहे तसं.

आपल्याकडे लोकायुक्त आहेत, आणि महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७१ चा, लोकायुक्त नेमणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आहे, उच्च न्यायालय आहे. ही सगळी दारं घडून गेल्यानंतरची. घडायच्या आधीचं दार नाही. माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक जिल्ह्यात, निदान प्रत्येक विभागीय आयुक्तालयात, वर्तणूक नियमांवर लेखी सल्ला देणारा एक कायदा जाणणारा माणूस हवा. २०२७ च्या सिंहस्थाची कामं आपल्या डोळ्यांसमोर चालू आहेत. रस्ते, घाट, पाणी, तंबू, वीज. या गावात कुणाचा मेहुणा ठेकेदार नाही? हा प्रश्न आत्ता विचारला जायला हवा, २०३१ मध्ये ज्ञापनातून नव्हे.

नोकरीत असलेल्यांनी लिहा, तुमच्याकडे असा प्रश्न पडला तर कुणाला विचारता?

---

आडगावकर

ताई, मनापासून लिहिलंय हे दिसतं, पण मला पटत नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला आम्ही एका कार्यालयात वर्षभर खेटे घातले. शेवटी काय करावं लागलं ते सांगायला नको. त्या माणसाला नियम माहीत नव्हता असं म्हणायचं का? त्याला पक्कं माहीत होतं. अशांना वकील तरी का मिळावा?

अ‍ॅड_गोदाकाठ

आडगावकर, तुमच्या घरावर जे गुदरलं त्याला सल्ल्याची खिडकी हे उत्तर नाहीच. मागणारा मागतो तेव्हा त्याला नियम कळत नसतो असं मीही मानत नाही.

त्यासाठीचा रस्ता वेगळा आहे, आणि तो पैसे देण्याआधी धरायचा असतो. १०६४ वर फोन करा किंवा लाचलुचपत विभागाच्या नाशिक कार्यालयात जा. ते आधी पडताळणी करतात, म्हणजे मागणी खरंच झाली का ते पंचांसमोर तपासतात, बहुधा संभाषण ध्वनिमुद्रित करून. पंच दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी असतात. मग नोटांना फिनॉल्फ्थलीन किंवा अँथ्रासिन पावडर लावतात. पहिलीने हात धुतलेलं पाणी गुलाबी होतं, दुसरी अतिनील दिव्याखाली चमकते. पण खटला पावडरवर उभा राहत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. तक्रारदार नंतर फिरला किंवा वारला तर? १५ डिसेंबर २०२२ ला नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं आहे की मागणी आणि स्वीकृती इतर पुराव्यांवरून, परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही शाबीत करता येते.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे, तरच संरक्षण मिळतं.

वकील का मिळावा, तर आरोप खरा की खोटा हे तो ऐकून घेतल्याशिवाय कळत नाही म्हणून. माझ्याकडे आलेल्यांत दोषी होते. त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते की खोटा साक्षीदार उभा करणार नाही, फक्त शिक्षा नियमाला धरून होते की नाही ते पाहीन. काही जण उठून जातात. जाऊ देते.

आडगावकर

सात दिवसांचं माहीत नव्हतं. आमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो.

---

जुना_कारकून

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. शेवटची बरीच वर्षं आस्थापनेवर होतो, म्हणजे त्या अभियंत्याला “कशाला कळवता” म्हणणाऱ्या खुर्चीवरच म्हणा. त्या खुर्चीची बाजू मांडतो.

आम्हाला दिवसाला दहा जण तोंडी विचारायचे. लेखी उत्तर द्यायचं तर ते सक्षम प्राधिकाऱ्याच्या सहीने जाणार. साहेब म्हणणार, शासनाकडे मार्गदर्शन मागवा. मार्गदर्शनाचं पत्र मंत्रालयात गेलं की ते परत येईपर्यंत साहेब बदललेले. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. ते आपल्या जागी. प्रत्यक्षात ‘मार्गदर्शन मागवले आहे’ या शेऱ्याखाली वर्षं निघतात.

मला भीती दुसरीच वाटते. तुम्ही सल्ल्याचा अधिकारी बसवलात की प्रत्येक जण प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे ढकलणार. बिल पास करू का, निविदा उघडू का, सगळं विचारायला. निर्णय घ्यायची जबाबदारी टाळायला आणखी एक टेबल मिळेल. लोकांची कामं आणखी रखडतील, म्हणजे आडगावकरांसारख्यांचीच.

अ‍ॅड_गोदाकाठ

काका, तुमचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. म्हणूनच खिडकीची कक्षा आधी ठरवावी लागेल. बिल पास करायचं की नाही हा प्रश्न त्या खिडकीचा नाहीच, तो ज्याच्या सहीचा त्याचा. या खिडकीवर एकच प्रश्न चालेल: या कामात माझा, माझ्या घरच्यांचा किंवा माझ्या पैशाचा संबंध येतो, मी काय करावं? असे प्रश्न दिवसाला दहा नाही येत. आणि उत्तर देणाऱ्याला आपल्या सहीने उत्तर द्यायचा अधिकार हवा, नाहीतर तुम्ही म्हणता तसं मार्गदर्शन मागवण्यातच सगळं जाईल.

मेहुण्याचंच उदाहरण घ्या. नियमांत ‘कुटुंब’ म्हणजे पती-पत्नी, मुलं, आणि पूर्णपणे अवलंबून असलेले रक्ताचे किंवा लग्नाचे नातेवाईक. स्वतः कमावता मेहुणा त्यात बसत नाही. म्हणजे नुसती व्याख्या वाचून अभियंता म्हणेल, मी मोकळा. पण वर्तणूक नियमांतला तिसरा नियम सदैव निरपवाद सचोटी राखायला सांगतो, आणि त्याच नियमावर बोट ठेवून दोषारोप काढतात. या दोन्हींच्या मधल्या जागेत माणूस सापडतो. तिथे त्याला कुणीतरी सांगायला हवं की बाबा, व्याख्येत नसलं तरी हे प्रकरण दुसऱ्याकडे दे.

---

निफाडची_सून

मिस्टर निलंबित आहेत, कारण लिहीत नाही. दोषारोपपत्र अजून मिळालेलं नाही आणि चार महिने होऊन गेलेत. अर्ध्या पगारावर घर चालवतोय, सासऱ्यांची औषधं वेगळी. गावात सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. अशा वेळी करायचं काय, कुणी सांगेल का?

अ‍ॅड_गोदाकाठ

ताई, दोन अर्ज लगेच करा.

पहिला, निलंबनाचा आढावा घेण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात १६ फेब्रुवारी २०१५ ला सांगितलं की दोषारोपपत्र दिलं नसेल तर निलंबन तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये. त्यावरून राज्य सरकारने ९ जुलै २०१९ ला शासन निर्णय काढला. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा. याचा अर्थ ते निर्दोष ठरले असा नाही, चौकशी चालू राहू शकते. पण घरी बसवून ठेवता येत नाही, दुसऱ्या जागी कामावर घ्यावं लागतं.

दुसरा, निर्वाह भत्त्याचा. पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका मिळतो. विलंब तुमच्या मिस्टरांमुळे झालेला नसेल तर त्यानंतर त्या रकमेच्या निम्म्यापर्यंत वाढ करता येते. दर महिन्याला ‘दुसरी नोकरी-धंदा करत नाही’ हा दाखला न चुकता द्यायचा, त्यावाचून बिल अडतं. भत्ताच दिला नाही म्हणून माणूस चौकशीला येऊ शकला नाही, अशा परिस्थितीत झालेली एकतर्फी चौकशी सर्वोच्च न्यायालयाने पॉल अँथनी प्रकरणात (१९९९) रद्द ठरवली आहे.

दोन्ही अर्ज हाताने नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय निघू नका. पुढे मॅटमध्ये जायची वेळ आली तर हाच कागद लागतो. नाशिक जिल्ह्यासाठी मॅट मुंबईचं आहे. (धुळे, जळगावकरांना छत्रपती संभाजीनगर.) आदेशापासून साधारण एक वर्षाची मुदत असते, ती चुकवू नका. गावाच्या ठरवण्यावर माझ्याकडे औषध नाही. पण घरातल्यांनी एकमेकांशी बोलणं थांबवू नका. या काळात माणसं स्वतःला कोंडून घेतात, मी खूप पाहिलंय.

निफाडची_सून

उद्याच जातो दोघं. धन्यवाद ताई.

---

सिन्नर_ते_मेरीलँड

माहेर सिन्नर, गेली बरीच वर्षं इथे एका केंद्रीय खात्यात नोकरी करते. धाग्यात इथला उल्लेख आला म्हणून कर्मचाऱ्याच्या बाजूने ते कसं दिसतं ते लिहिते.

दरवर्षी मला एक फॉर्म भरावा लागतो, ४५० क्रमांकाचा. तो गोपनीय असतो. माझे, नवऱ्याचे, मुलांचे शेअर, बाहेरचं उत्पन्न, कुठे पद असेल तर तेही. वरच्या लोकांचा २७८ क्रमांकाचा, तो जनतेला मागून पाहता येतो. नवऱ्याच्या नावावर एका कंपनीचे शेअर आहेत आणि त्या कंपनीवर परिणाम होईल असं काम माझ्याकडे आलं, तर मी त्यातून बाजूला व्हायचं. पती-पत्नी आणि अल्पवयीन मुलांचं हित ते आपलंच, असं इथला फौजदारी कायदा धरतो.

एकदा दिवाळीत आमच्या एका पुरवठादाराने, तोही भारतीयच, काजूकतलीचा मोठा डबा आणि चांदीचं नाणं पाठवलं. इथला नियम असा की देणाऱ्याकडून एका वेळी २० डॉलरपर्यंतची आणि वर्षभरात ५० डॉलरपर्यंतची वस्तू चालते, रोख कधीच नाही. मी डबा न उघडता आमच्या नैतिकता विभागातल्या वकीलबाईंना ईमेल केला. त्याच दिवशी उत्तर आलं: नाणं परत पाठवा, सोबत हे दोन ओळींचं पत्र जोडा. मिठाई नाशवंत आहे, परत पाठवत बसण्यात अर्थ नाही, कार्यालयात सगळ्यांना वाटून टाका. मी तसं केलं. पुरवठादाराला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं असावं, पुढच्या वर्षी नुसतं शुभेच्छापत्र आलं.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. त्या वकीलबाई माझ्या वकील नाहीत, सरकारच्या आहेत. मी त्यांना सांगितलेलं गुपित राहत नाही, प्रशिक्षणात हे पहिल्यांदा सांगतात. आणि फौजदारी कायदा मोडला असेल तर त्यांचा सल्ला ढाल म्हणून पुरत नाही, फक्त तो लक्षात घेतला जातो.

जुना_कारकून

ताई, छान सांगितलंत. पण तुमच्याकडेही वरच्यांना कुठे लागू पडतं हे? २०१७ साली त्या गव्हर्नमेंट एथिक्स कार्यालयाच्या प्रमुखांनीच राजीनामा दिल्याचं वाचलं होतं.

सिन्नर_ते_मेरीलँड

खरंय काका. वॉल्टर शॉब त्यांचं नाव. २०१३ च्या जानेवारीपासून संचालक होते. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं की निवडून आलेल्या अध्यक्षांनी (ट्रम्प यांनी) आपल्या उद्योगांमधली मालकी सोडायला हवी, नुसता कारभार मुलांकडे देऊन भागत नाही. हितसंबंधांचा तो फौजदारी कायदा राष्ट्राध्यक्षांना लागूच नाही, आणि हे कार्यालय सल्ला देतं, शिक्षा करू शकत नाही. त्याच जुलैमध्ये मुदत संपायच्या आत ते पायउतार झाले.

पण माझ्या पातळीवरच्या लाखो लोकांना रोज उत्तरं मिळतच होती. वर काय चाललंय म्हणून खालची ईमेल बंद पडली नाही.

अ‍ॅड_गोदाकाठ

सिन्नरताई, ते नाणं आणि मिठाईचं वाचून वाटलं, हेच तर मला म्हणायचं होतं. ‘भेटवस्तू घेऊ नका’ हे तर प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी डबा टेबलावर येतो तेव्हा शिपायाला काय सांगायचं, हे भिंतीवर नसतं.

गुप्ततेचा मुद्दाही महत्त्वाचा. माझ्याकडे खासगी पक्षकार म्हणून येणाऱ्याचं बोलणं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली सुरक्षित असतं, त्याच्या संमतीशिवाय मी ते उघड करू शकत नाही. सरकारी सल्लागाराकडे तसं नसेल, आणि ते विचारणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं पाहिजे. नाहीतर विश्वासाने बोललेला माणूस त्याच बोलण्यावर अडकेल.

---

पेठचा_मास्तर

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, पेठ तालुक्यात. पत्नीने गावात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान टाकलंय, तिच्या नावाने. संध्याकाळी मी कधीमधी गल्ल्यावर बसतो. शिवाय सातवी-आठवीची चार पोरं घरी येतात शिकायला, पैसे घेतो पण नाममात्र. केंद्रप्रमुखांना विचारलं तर म्हणाले, “सगळेच करतात.” खरंच यात काही अडचण आहे का?

अ‍ॅड_गोदाकाठ

सर, आहे. स्पष्टच सांगते.

शिकवणी आजपासून बंद करा, नाममात्र पैशांचीही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी करायला मनाई आहे. शाळेतच, शाळेच्या वतीने, पैसे न घेता जादा तास घेणं ही वेगळी गोष्ट, ते जरूर करा.

दुकान पत्नीचं आहे, तिने धंदा करायला बंदी नाही. पण तुम्ही कार्यालयाला लेखी कळवून ठेवा, आणि गल्ल्यावर बसू नका. कुणी फोटो काढला तर धंदा तुमचाच, नाव तेवढं पत्नीचं, असा आरोप ठेवायला तो पुरतो. शाळेची खरेदी त्या दुकानातून तर मुळीच नको.

तुम्हाला १९७९ चे नियम थेट लागू नाहीत. जिल्हा परिषदेचे वर्तणूक नियम १९६७ चे आणि शिस्त व अपील नियम १९६४ चे आहेत. मॅटही तुमच्यासाठी नाही, अपील विभागीय आयुक्तांकडे आणि पुढे उच्च न्यायालय. चुकीच्या दारात जाऊन मुदत घालवलेले शिक्षक मी पाहिले आहेत.

पेठचा_मास्तर

मुलांचं वाईट वाटतं, पण शाळेत जादा तास लावतो. दुकानाचं पत्र उद्या देतो.

---

सनद_लवकरच

मॅडम, मी इथेच कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. या शाखेत यायचं असेल तर काय करू? घरचे म्हणतात यात पैसा नाही, दिवाणी किंवा फौजदारीच कर.

अ‍ॅड_गोदाकाठ

सुरुवातीला पैसा कमी, हे घरचे खरं सांगतात. पक्षकार निलंबित असतो, अर्ध्या पगारावर. त्याच्याकडून किती घेणार? पण काम कधी आटत नाही.

आधी वर्ष-दोन वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजू कर, उलटतपासणी तिथेच शिकशील. मग एखाद्या सर्व्हिस मॅटरवाल्या वरिष्ठांबरोबर मॅटला जायला लाग. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस धरायची, गाडीतच फाईल वाचून होते. वाचायला दोन्ही १९७९ चे नियम, सामान्य प्रशासन विभागाची विभागीय चौकशी नियमपुस्तिका, निवृत्तिवेतनाचे १९८२ चे नियम. त्यातला २७ वा नियम नीट वाच: निवृत्तीनंतर नवी विभागीय चौकशी सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. नुसत्या तारखा मांडून सुटलेली प्रकरणं कमी नाहीत.

आणि मराठी कच्चं ठेवू नकोस. हा सगळा व्यवहार मराठीत चालतो. टिपणीतल्या “अवलोकनार्थ सादर” (नुसतं पाहण्यासाठी) आणि “आदेशार्थ सादर” (निर्णयासाठी) यांवर जबाबदारी कुणाची ते ठरतं. वर पाठवणाऱ्याने काय मागितलं होतं, हे तिथेच कळतं.

जुना_कारकून

हे मात्र शंभर टक्के. आम्हाला नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं.

वकीलताई, माझा पुतण्या सध्या सिंहस्थाच्या एका कामावर कनिष्ठ अभियंता आहे. त्याच्या चुलत मेहुण्याने एका कामाची निविदा भरली आहे. पोरगा सरळ आहे, घाबरला आहे. तुमची खिडकी होईल तेव्हा होईल. त्याने आज काय करावं?

अ‍ॅड_गोदाकाठ

आजच, लिफाफे उघडायच्या आधी, कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्यायचं. मसुदा देते:

“या कामाच्या निविदाधारकांपैकी एक व्यक्ती माझी नातेवाईक (चुलत मेहुणा) आहे. सदर व्यक्ती वर्तणूक नियमांतील कुटुंबाच्या व्याख्येत येत नसली, तरी निर्णयप्रक्रियेबाबत शंका राहू नये यासाठी या निविदेची छाननी, मोजमापे नोंदविणे व देयक तपासणी ही कामे माझ्याऐवजी अन्य अधिकाऱ्याकडे सोपविण्यात यावीत, ही विनंती. आदेशार्थ सादर.”

नातं स्पष्ट लिहायचं, ‘ओळखीचे’ असं गुळगुळीत नको. मोजमापांचा उल्लेख गाळू नका. निविदेतून बाजूला झालेला माणूस सहा महिन्यांनी मोजमाप पुस्तिकेवर सही करून अडकतो.

जुना_कारकून

आणि साहेबांनी उत्तरच दिलं नाही तर? किंवा म्हणाले, “काही होत नाही, कर सही”?

अ‍ॅड_गोदाकाठ

उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी स्मरणपत्र, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक घालून. तोंडी “कर सही” म्हणाले तर त्याच दिवशी फाईलवर टिपणी: “दिनांक अमुकच्या पत्रान्वये मी माझा नातेसंबंध कळविला आहे. त्यावर लेखी आदेश व्हावेत, तोपर्यंत प्रकरण सादर.” फाईल वर पाठवायची, स्वतःच्या टेबलावर ठेवायची नाही. टिपणीच्या पानाची आणि पत्राच्या पोचेची प्रत घरी ठेवायची, बदली झाली तरी टाकायची नाही. त्याला माझ्याकडे पाठवा, मेहेर सिग्नलजवळ ऑफिस आहे, संध्याकाळी सहानंतर असते. येताना निविदेची जाहिरात आणि त्याचा कामवाटपाचा आदेश घेऊन यायला सांगा. छाननी त्याच्याकडे कागदावर आहे की नुसती तोंडी, ते आधी पाहावं लागेल.